कोणता घोडा?

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असे कोणी विचारले, तर मी आईवडिलांच्याही आधी कुसुमबाई आजरेकरांचे नाव घेतो. आईवडिलांना त्याचे वाईट वाटले नसते. त्यांनीच मला तसे शिकवले होते. वडील तालुक्याच्या बाजारात हमाली करत. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलेले नव्हते. मी मॅट्रिक झालो तेव्हा बाई भर बाजाराच्या दिवशी अडत दुकानासमोर आल्या आणि पाठीवर पोते असलेल्या माझ्या वडिलांना म्हणाल्या, "हा कॉलेजात जाणार आहे." त्यांनी विचारले नाही, सांगितले. पुढे पदवी मिळेपर्यंत त्यांच्या घराची पडवी माझ्या अभ्यासाला मोकळी होती.

बाई मराठी शिकवत. त्यांची एक खोड होती. धड्यात दोन अर्थांचा शब्द आला की त्या वाचणाऱ्याला थांबवत. ‘पक्ष’ आला की विचारत, "कोणता पक्ष? पंचांगातला की निवडणुकीतला?" ‘कर’ आला की, "कोणता कर? हात की सरकारी?" उत्तर येईपर्यंत धडा पुढे सरकत नसे. आम्ही मुले त्यांना पाठीमागे ‘कोणताबाई’ म्हणत असू. हे नाव ठेवणाऱ्यांत मीही होतो.

त्या बाईंची ती खोड मुंबईच्या एका पोलीस ठाण्यात उपयोगी पडेल, असे तेव्हा कोणाला वाटले असते? मुलुंडमधल्या त्या प्रकरणाला आता किती वर्षे झाली. पण ते आठवले की मी अजूनही खुर्चीवर बसू शकत नाही. उठतो आणि घरातल्या घरात फेऱ्या मारू लागतो. बायको म्हणते, "आली वाटतं मुलुंडची आठवण."

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षे. मी उपनिरीक्षक होतो आणि नोकरी अजून नवीच होती. भर दुपारी एका इमारतीच्या सेक्रेटरीचा फोन आला की दुसऱ्या मजल्यावर गोळी सुटली आहे, माणूस पडला आहे. आम्ही जीप काढली.

घर एका निवृत्त जहाज अधिकाऱ्याचे होते. सगळी इमारत त्यांना कॅप्टन म्हणे, मीही तेच म्हणतो. घरात रंगकाम चालू होते, पण रंगारी त्या दिवशी आला नव्हता. बाहेरच्या खोलीत पस्तिशीचा एक माणूस फरशीवर पडला होता. त्याच्या मांडीला पट्टा आवळलेला होता, आणि दुसरा, त्याच्याहून थोडा मोठा, गुडघ्यावर बसून टॉवेलने जखम दाबत होता. टेबलावर नक्षीदार लाकडी मुठीचे जुने रिव्हॉल्व्हर होते. खिडकीच्या कट्ट्यावर आणखी एक होते, साधे, काळे, हातरुमालावर नीट ठेवलेले. आणि कॅप्टन भिंतीशी उभे होते, हातात एक रिकामे ताट घेऊन.

"कोणी मारली?" मी विचारले.

टॉवेल धरलेला माणूस म्हणाला, "साहेब, आधी भावाला न्या. मग काय ते विचारा."

आम्ही जखमीला उचलून बाहेर काढले. बोळकांडीत रंगाऱ्याचे सामान भिंतीला टेकवलेले होते, ते पायाने बाजूला सारावे लागले. बाहेरच्या खोलीत टेबलाजवळ फरशीचा ताजा टवका उडालेला मी पाहिला आणि पंचनाम्यात लिहून घेतला. त्याचा अर्थ तेव्हा लागला नव्हता.

ते दोघे सख्खे भाऊ होते, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. ते वारल्यावर घाटकोपरच्या चाळीतली एक खोली मागे राहिली होती. थोरला विक्रोळीच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता. त्याला नेमबाजीचा नाद होता. रविवारी तो क्लबात जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरायचा, क्लबाच्या रायफलीने. बऱ्याच खेपा घालून त्याने खेळासाठी रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळवला होता. कॅप्टनकडे परवान्याची दोन होती आणि त्यांना एक विकायचे होते. म्हणून थोरला निवडायला आला होता, आणि सोबत धाकट्याला घेऊन आला होता.

इस्पितळात धाकट्याने जबाब दिला. तो म्हणाला, "खोलीवरून आमचं बोलणं झालं. मी रागानं उठलो. मागून बार झाला. पाय कशाला तरी लागला की गोळीचा झटका होता, कळलं नाही. पडल्यावर वळून बघतो तर दादाच्या हातात ते." त्याची बायको शेजारी उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "लिहा साहेब. खोलीसाठी केलं. आठ दिवस घरात दुसरा विषय नाही."

कलम तीनशे सात लागले, खुनाचा प्रयत्न. थोरल्याला अटक झाली आणि कोर्टाने पोलीस कोठडी दिली.

आमच्या वरिष्ठ निरीक्षकांना मी मोठे साहेब म्हणेन. ते अन्यायी नव्हते, पण त्यांना सरळ केस आवडे. गाठीची केस ते दाताने तोडत. थोरल्याची चौकशी त्यांनी माझ्यासमोर केली.

"तुझ्यासारख्या नोकरदाराला रिव्हॉल्व्हर कशाला लागतं रे?"

"नेम धरायला, साहेब."

"नेम क्लबात धरता येत नाही?"

"क्लबाची रायफल सगळ्यांची. आज माझ्या खांद्याला, उद्या दुसऱ्याच्या. हाताची सवय लागत नाही."

"आणि सिंगलच कशाला? कॅप्टनची दोन्ही सिंगलच आहेत. कॅप्टन म्हणतात, तू सिंगलच पाहिजे म्हणून अडून बसला होतास."

मला तेव्हा रिव्हॉल्व्हर म्हणजे कमरेला अडकवायचे सरकारी हत्यार एवढेच माहीत. त्या माणसाने आम्हाला समजावले. चाप म्हणजे बोटाने ओढायचा. घोडा म्हणजे मागे असतो तो, काडतुसावर आपटणारा. आमच्या सरकारी रिव्हॉल्व्हरमध्ये नुसता चाप ओढला की घोडा आपोआप मागे जातो आणि आपटतो. सिंगल प्रकारात तसे होत नाही. प्रत्येक गोळीला आधी अंगठ्याने घोडा मागे चढवायचा, मग चाप ओढायचा.

"म्हणजे जास्त काम," मोठे साहेब म्हणाले.

"तेच तर पाहिजे, साहेब. मी मुळात घाईचा माणूस. कारखान्यात भोंग्यावर धावायचं, घरी नळावर धावायचं. घोडा चढवायला अंगठा वर गेला की तेवढ्यात श्वास जागेवर येतो. लक्ष्य दुसऱ्यांदा नीट दिसतं. चाप पण हलका लागतो, नळी हलत नाही. बावीस बोअरची गोळी बारीक, धक्का कमी. माझ्यासारख्याला शिकायला तेच बरं."

तो बोलत होता तेव्हा त्याचा उजवा अंगठा टेबलाच्या कडेवर मागे-पुढे होत होता. कोठडीत बसलेल्या माणसाचा चेहरा क्षणभर रविवारच्या माणसासारखा झाला होता. मोठ्या साहेबांनीही तो अंगठा पाहिला होता.

"छान. म्हणजे ही गोळी सुटायला दोन कामं करावी लागतात. आधी अंगठा, मग बोट. चुकून होत नाही. हो ना?"

"हो. चापानं सुटायची तर दोन कामं."

"मग तू दोन्ही केलीस."

"मी त्याला हातच लावला नव्हता, साहेब. मी खिडकीत होतो, उजेडात, ते दुसरं बघत. पाठीमागं काहीतरी धडपडलं नि बार झाला. हातातलं कट्ट्यावर ठेवून धावलो. ते जुनं भावाच्या पायाशी होतं, उचलून टेबलावर ठेवलं. एवढंच."

"काय धडपडलं?"

"मला रक्त दिसलं. दुसरं काही दिसलं नाही."

मोठे साहेब माझ्याकडे पाहून हसले. मी हसलो नाही, पण त्यांचे म्हणणे मला खोडताही येईना.

ते रिकामे ताट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. गोळी सुटलेल्या घरात माणूस ताट घेऊन का उभा असेल? कॅप्टनना विचारले तर म्हणाले, स्वयंपाकघरात होतो, हातात राहिले असेल. मी इमारतीच्या चौकीदाराला गाठले. तो विडी ओढत म्हणाला, "साहेब, मच्छीवाली गेली होती वर. बाराला नेहमी येते. त्या दिवशी अशी धावत उतरली, की पाटीतले बोंबील जिन्यावर सांडले. मीच वेचले." वेचून काय केले, ते मी विचारले नाही.

म्हणजे साक्षीदार होता. दार उघडे, उंबऱ्याशी पाटी उतरवलेली, कॅप्टन मासळीसाठी ताट आणायला आत गेलेले, आणि बाहेरच्या खोलीत जे घडले ते पाहणारी एक बाई. मी हवालदाराला तिचा जबाब घ्यायला पाठवले. मला स्वतःला त्या दिवशी कोर्टात हजर राहायचे होते.

आमच्या या हवालदाराचे लिखाण ठाण्यात नावाजलेले होते. अक्षर मोत्यासारखे, भाषा शुद्ध. मी संध्याकाळी परत आलो तेव्हा जबाब मोठ्या साहेबांच्या टेबलावर होता आणि ते खूश होते. त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवले: ‘सदर वेळी रिव्हॉल्व्हरचा घोडा पडला व तत्क्षणी बार झाला, हे मी समक्ष पाहिले.’

"झालं तर," ते म्हणाले. "त्याच्याच तोंडचं शास्त्र. घोडा कधी पडतो? आधी चढवला तर. कोणी चढवला? तिथे दुसरा होता कोण? दोषारोपपत्राच्या तयारीला लाग."

पुढच्या दिवसांत मी एका जागी टिकलो नाही. ठाण्याच्या आवारात चालायचो, चहा मागवायचो आणि तो थंड व्हायचा. इस्पितळाच्या डॉक्टरांनी लिहून दिले होते की गोळी मांडीच्या मागून शिरून खालून वर गेली आहे. मी ते मोठ्या साहेबांना दाखवले. ते म्हणाले, "एक बसलेला, एक उठलेला. खालूनच लागणार." उत्तर तयार होते. सगळ्याच प्रश्नांना उत्तर तयार होते, आणि नेमकी त्याचीच मला धास्ती वाटत होती. शिवाय ते साधे रिव्हॉल्व्हर हातरुमालावर नीट ठेवलेले मी स्वतः पाहिले होते. भावावर गोळी झाडायला निघालेला माणूस दुसरे हत्यार रुमाल अंथरून ठेवतो का? मोठे साहेब म्हणाले, "रुमाल आधीच अंथरला असेल." तेही बरोबर.

त्यात त्या दोघांची आई. ती रोज सकाळी येऊन ठाण्याच्या बाकावर बसायची, दुपारी इस्पितळात जायची, संध्याकाळी परत बाकावर. कोणाकडे काही मागायची नाही. एकदा मी म्हणालो, "आई, घरी जा. इथे बसून काय होणार?"

"घरी जाव तर खंयच्या घरी जाव, सायबा?" ती म्हणाली. "ह्याची बायको त्याच्या बायकोचा तोंड बघणा नाय. एक झील हयसर, एक झील थयसर. ह्याच्यासाठी देवाक हात जोडले की त्येच्यावर अन्याय, आणि त्येच्यासाठी जोडले की ह्येच्यावर. मी आता खंयच्या झिलासाठी हात जोडू, ता तरी सांग."

मी चालत राहिलो. आवाराच्या फाटकाशी पोचलो तेव्हा तिचा तो शब्द डोक्यात वाजत होता. खंयच्या. कोणत्या. आणि एकदम आमच्या वर्गातली ती जुनी खुर्ची, खडूची पेटी आणि बाईंचा वर झालेला हात दिसला. कोणता?

घोडा पडला. कोणता घोडा?

मुंबईत गुंड लोक रिव्हॉल्व्हरलाच घोडा म्हणतात, हे मला माहीत होते. ‘घोडा पडला’ म्हणजे आख्खे हत्यार खाली पडले असेही होऊ शकते. हवालदाराने ‘रिव्हॉल्व्हरचा घोडा’ लिहिले होते. ‘रिव्हॉल्व्हरचा’ हा शब्द बाईचा की त्याचा?

मी त्याला बाजूला घेतले.

"बाई नेमकी काय बोलली?"

"तेच जे लिहिलं, सर."

"तिच्या शब्दांत सांगा."

"सर, तिची बोली म्हणजे… ‘घोरा परला नि बार झाला.’ आता कोर्टापुढे घोरा परला असं लिहायचं का? मी व्यवस्थित केलं. कोणाचा घोडा, ते कंसात लिहायच्या ऐवजी आधीच लिहिलं. रिव्हॉल्व्हरची केस आहे, टांग्याचा घोडा तर नसेल ना."

तो चांगला माणूस होता. त्याने जे केले ते काम नीट व्हावे म्हणूनच केले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साध्या कपड्यांत मासळी बाजारात गेलो. ती कोळीणबाई सुरमईच्या तुकड्यांवर पाणी मारत होती. मी ठाण्याचे नाव सांगताच म्हणाली, "परत आलं पोलीस? तुजे त्या हवलदारानं सगला लिवून नेला नं? एक पापलेट पन नाय घेतला."

"मावशी, एकच विचारायचं आहे. तू म्हणालीस घोडा पडला."

"हां. घोरा परला."

"कोणता घोडा?"

तिने सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडे असे पाहिले, की मी नक्की पोलीसच आहे ना, याची तिला शंका आली असावी.

"कंचा म्हंजे? लाकराचा घोरा. रंगवालं चरतात तो."

आता मी ऐकून घेत होतो, एवढेच आठवते. बाजूने कोणी बर्फाची लादी ओढत होते, तिच्या आवाजात तिचे काही शब्द हरवले तेव्हा मी तिला परत बोलायला लावले.

"आरं, माल्यावरची पेटी काराला तो कॅप्टन घोऱ्यावर चरला व्हता. घोरा तिथंच ऱ्हायला, टेबलाला लागून. कॅप्टन ताट आनाया आत गेला. धाकला रागं रागं उठला, पाय अरकला घोऱ्याला. घोरा परला टेबलावर. टेबलावरची ती पिस्तुल खाली परली नि बार. बस्स."

"आणि थोरला? तो कुठे होता?"

"तो खिरकीत. पाठ करून. त्याचे हातात दुसरी व्हती. त्यानं काय केला नाय, बिचारा धावला. मी हेच सांगला तुजे माणसाला. दादूस, तुमी पोलीस लोक घोरा बोलला की पिस्तुलच दिसते काय रं?"

लाकडी दुहेरी शिडी. रंगारी, वायरमन, गणपतीचे मखर बांधणारे, सगळे तिला घोडाच म्हणतात. माझ्या गावीही म्हणत. बोळकांडीत मी स्वतः तिला पायाने बाजूला सारली होती.

मी तिथून थेट कॅप्टनकडे गेलो. रंगकाम संपले होते. त्यांनी खुर्ची दिली. मी बसलो नाही.

"कॅप्टन, त्या दिवशी शिडीचा घोडा बाहेरच्या खोलीत होता. आम्ही आलो तेव्हा बोळात होता. कोणी हलवला?"

"मी. वाटेत होता. तुमचं स्ट्रेचर आत कसं येणार?"

"हलवलात तेव्हा उभा होता की पडलेला?"

खिडकीबाहेर खाली मुले क्रिकेट खेळत होती, ते तिकडे पाहत राहिले. मी खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतो. शेवटी तेच म्हणाले, "तुम्ही जरा थांबाल का? तुमच्या बुटांच्या आवाजानं मला बोलता येत नाही."

मी थांबलो.

"पडलेला होता," ते म्हणाले. "टेबलावर आडवा. पण त्याचं काय? टेबलावरचं रिव्हॉल्व्हर रिकामं असायला हवं होतं, नाही का? मग तुमचा पहिला प्रश्न तोच आला असता, भरलेलं का होतं?"

"का होतं?"

"शेजारच्या इमारतीत चोरी झाली होती. मी एकटा राहतो. तेव्हापासून भरून ठेवत होतो. पेटी काढली तेव्हा रिकामं करायचं विसरलो. काडतुसांची सहाच्या सहा घरं भरलेली. मनात आलं, खरं सांगितलं तर परवाना जाईल, अब्रू जाईल. त्या दोघांचं तर आधीच भांडण होतं."

त्यांनी हे इतक्या हळू सांगितले की मला पुढे वाकावे लागले. मग ते म्हणाले, "आणि एक सांगतो. आता सांगितलंच पाहिजे. धाकट्याला ते जुनंच आवडलं होतं. म्हणाला, ‘दादा, हेच घे, एकदम झकास दिसतंय.’ थोरला म्हणाला, ‘दिसायला चांगलं आहे रे, पण जुन्या ठेवणीचं आहे. ह्यात घोडा काडतुसावरच टेकून बसतो. हे पडलं तर सुटतं. ह्यात एक घर रिकामं ठेवायचं, पाचच गोळ्या भरायच्या. त्या साध्यात मध्ये एक पट्टी आहे, चाप ओढल्याशिवाय घोड्याचा मार पोचतच नाही.’ असं म्हणून तो साधं घेऊन खिडकीत गेला. मी आतून ऐकत होतो. त्यावेळी तरी मला आठवायला हवं होतं, की माझ्या त्या रिव्हॉल्व्हरची सहाही घरं भरलेली आहेत."

ज्या कारणासाठी थोरल्याने ते रिव्हॉल्व्हर नाकारले होते, त्याच कारणाने ते सुटले होते. आणि त्याच रिव्हॉल्व्हरसाठी तो आमच्या कोठडीत बसला होता. चौकशीत तो ‘चापानं सुटायची तर’ एवढेच बोलून थांबला होता; पुढचे बोलला असता तर पाडणारा म्हणून भावाचेच नाव आले असते.

पुढचे काम कागदाचे होते आणि ते मी धावत केले. कोळीणबाईचा जबाब पुन्हा घेतला, तिच्याच शब्दांत, ‘घोरा’ शब्दासकट. कॅप्टनचा पुरवणी जबाब घेतला. फरशीवरच्या टवक्याचे माप घेतले. प्रयोगशाळेला आधी विचारले होते, की रिव्हॉल्व्हर चालू स्थितीत आहे का. आता नवीन प्रश्न लिहून पाठवला, की चाप न ओढता, नुसते मागच्या घोड्यावर आपटून ते सुटेल का. उत्तर आले, होय. आणि घोड्याच्या टोकावर फरशीवर आपटल्याची ताजी खूण आहे. डॉक्टरांचे ‘खालून वर’ आता आपोआप जुळले.

मोठ्या साहेबांनी सगळे कागद दोनदा वाचले. मग हवालदाराला बोलावून म्हणाले, "यापुढे कोणाचं मराठी सुधारू नका." माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू. हे तुला सुचलं कसं?"

मी म्हणालो, "सर, शाळेत."

आरोपीविरुद्ध पुरावा नाही, असा कलम एकशे एकोणसत्तरप्रमाणे अहवाल गेला, थोरला सुटला. कॅप्टनवर निष्काळजीपणाची केस झाली आणि त्यांचा परवाना गेला. थोरल्याला सोडले त्या सकाळी त्याची आई बाकावर होतीच. तो बाहेर आला, तिच्या पाया पडला. ती उठली आणि फक्त म्हणाली, "चल. त्याका डबो नेवक होयो."

मी त्यांच्याबरोबर इस्पितळात गेलो, कारण धाकट्याला खरे काय झाले ते सरकारी माणसाने सांगणे गरजेचे होते. मी सांगितले. तो ऐकत होता, पण बघत होता भावाकडे.

"पण तुझ्या हातात होतं की, दादा," तो म्हणाला.

"खाली पडलं होतं ते उचललं रे. तुझ्या पायाशी होतं."

"म्हणजे मीच पाडलं?"

"तू घोडा पाडलास. घोड्यानं ते पाडलं."

धाकट्याने पट्टी बांधलेल्या मांडीवर हात ठेवला. मग म्हणाला, "तू सांगितलं होतंस, पडलं तर सुटतं म्हणून. मला वाटलं, मला आवडलं म्हणून नको म्हणतोयस." आईच्या हातातल्या डब्याकडे बघत म्हणाला, "खोलीचं बघू मग."

"बघू," थोरला म्हणाला. आईने डबा उघडला. धाकट्याची बायको भिंतीकडे तोंड करून उभी होती. तिने हात पुढे करून तो घेतला. मी निघालो.

काही महिन्यांनी थोरला ठाण्यात आला. कॅप्टनची शस्त्रे दुकानदाराकडे जमा झाली होती, तिथून त्याने ते साधे रिव्हॉल्व्हर रीतसर विकत घेतले होते आणि नोंदीसाठी आणले होते. त्याने ते उघडून, रिकामे असल्याचे दाखवून माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाला, "घोडा चढवून बघा, साहेब. किती हलका आहे."

हवालदार शेजारच्या टेबलावरून मान वर न करता म्हणाला, "कोणता?"

आम्ही तिघेही हसलो.

या प्रकरणाने मला काय शिकवले, असे व्याख्यानांत मला विचारतात. लोकांना वाटते, मी शस्त्रांबद्दल काही सांगेन. मी एवढेच सांगतो की साक्षीदार खोटे बोलतो त्यापेक्षा आपण चुकीचे ऐकतो, हे जास्त वेळा घडते. खोटे पकडायला आम्हाला प्रशिक्षण होते. ऐकायला शिकवणारे ठाण्यात कोणी नव्हते. पुढच्या सगळ्या नोकरीत मी जबाब त्या माणसाच्या शब्दांतच लिहायला लावला, आणि प्रत्येक शब्दावर थांबत गेलो. सहकारी कंटाळत. तरी मला पूर्ण स्वस्थता कधी आली नाही. अजूनही एखादी जुनी केस आठवते आणि वाटते, तिथे एखादा शब्द विचारायचा राहिला असेल का?

थोरला सुटला त्या आठवड्यात मी बाईंना पत्र लिहिले. त्याची नक्कल माझ्याजवळ आहे. तेवढे देऊन थांबतो.

‘ती. बाईंना सा. न.

आपण बऱ्या असाल. पडवीतला दिवा आता कोण वापरते?

मी मुंबईत ठीक आहे. या आठवड्यात एक माणूस तुरुंगात जायचा वाचला. तो आपल्यामुळे वाचला, हे त्याला माहीत नाही. म्हणून मी कळवतो. एका शब्दाचा आम्ही सगळ्यांनी एकच अर्थ धरला होता, नंतर मला दुसरा सुचला. खरा तिसराच होता. मी ‘कोणता?’ असे विचारले, एवढेच माझे काम. बाकी सगळे त्या बाजारातल्या बाईने सांगितले. आधीच्या वेळीही तिने तेच सांगितले होते.

बाई, वर्गात आम्ही आपल्याला पाठीमागे एक नाव ठेवले होते. आपल्याला ते ठाऊक होते का, हे मला कधी कळले नाही. ठाऊक नसेल तर मी सांगणार नाही. ठाऊक असेल तर एवढेच कळवतो, की या ठाण्यात आता तसेच नाव मला पडले आहे आणि मी ते आनंदाने घेतले आहे.

सुट्टी मिळाली की येतो.

आपला विद्यार्थी.
कोणता, ते आपण अक्षरावरून ओळखालच.’